मॅच संपली, आता घरी कसं जायचं? फुटबॉलप्रेमींचे प्रवासाचे नेहमीचे प्रश्न

मुंबई, नवी मुंबई आणि गोव्यात फुटबॉल बघायला जाणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तिकीट कसं काढायचं, कुठला स्टँड चांगला, हे यात नाही. मैदानापर्यंत जायचं कसं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे परत यायचं कसं, एवढंच आहे. गाड्यांच्या नेमक्या वेळा मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या बदलतात, आणि जुना आकडा वाचून शेवटची गाडी चुकली की शिव्या आम्हाला बसतात.

साडेसातची मॅच असेल तर मैदानातून बाहेर पडायला किती वाजतात?

४५ मिनिटांचे दोन डाव, मध्ये १५ मिनिटांची विश्रांती आणि दोन्ही डावांत वाढवून दिलेली मिनिटं धरली तर शिट्टी वाजते साधारण साडेनऊच्या आसपास. गेटमधून रस्त्यावर यायला आणखी दहा-पंधरा मिनिटं. म्हणजे तुमचा परतीचा प्रवास पावणेदहाला सुरू होतो असं धरा. आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) काही मोसमांत आठची वेळ होती. तेव्हा हाच हिशेब सव्वादहावर जायचा.

बाद फेरीची गोष्ट वेगळी. बरोबरी झाली तर ३० मिनिटांचा जादा वेळ आणि वर पेनल्टी. तिकीट काढतानाच बघा, हा लीगचा सामना आहे की कपातला. कपातला असेल तर घरी पोहोचण्याच्या वेळेत पाऊण तास वाढवा आणि घरच्यांना तसं आधीच सांगून ठेवा.

अंधेरीच्या मैदानाला जवळचं स्टेशन कोणतं?

मुंबई फुटबॉल अरेना म्हणजे वीरा देसाई रोडवरचं शहाजीराजे क्रीडा संकुल. अंधेरी पश्चिमेला उतरून रिक्षा शोधणारे पुष्कळ असतात, पण त्यापेक्षा मेट्रो १ (वर्सोवा-घाटकोपर) चं आझाद नगर स्टेशन बरं. तिथून चालत जाता येतं आणि वाटेत वडापाव मिळतो. दहिसर, बोरिवली, कांदिवली, मालाडकडून येणाऱ्यांनी मेट्रोच्या २ए मार्गिकेने अंधेरी पश्चिमपर्यंत यावं. ते स्टेशन मेट्रो १ च्या डी. एन. नगर स्टेशनला पुलाने जोडलेलं आहे. तिथूनही पायी जाता येतं, किंवा एक स्टेशन मेट्रो घेऊन आझाद नगरला उतरता येतं.

एक काम विसरू नका. मेट्रोचं परतीचं तिकीट जातानाच काढून ठेवा. मॅच संपल्यावर तिकीट खिडकीसमोर मुंबई सिटी क्लबच्या निळ्या जर्सींची जी रांग लागते, तिच्यात उभं राहून दोन मेट्रो समोरून जाताना बघण्यात काही मजा नाही.

आम्ही डोंबिवली-कल्याणचे. दादरमार्गे जावं की घाटकोपरमार्गे?

घाटकोपर. अंधेरीहून दादरला जाऊन पूल ओलांडून मध्य रेल्वे पकडायची, हा मेट्रोच्या आधीच्या काळातला रस्ता. ८ जून २०१४ ला वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि पूर्व-पश्चिम हा द्राविडी प्राणायाम संपला. आझाद नगर ते घाटकोपर वीस मिनिटांच्या आत होतं. पुढे घाटकोपरला जलद लोकलही थांबते.

अडचण घाटकोपरनंतर सुरू होते. रात्री उशिरा जलद गाड्या विरळ होतात. कल्याणच्या पुढचं, म्हणजे बदलापूर, कर्जत, टिटवाळा, आसनगाव, कसारा यांपैकी काही असेल, तर दोन गाड्यांमधलं अंतर चांगलंच वाढतं. त्यामुळे "शेवटची लोकल किती वाजता" एवढंच विचारू नका. "शेवटच्या आधीची किती वाजता" हेही बघा आणि ती पकडायची असं ठरवा. शेवटची गाडी ही राखीव खेळाडूसारखी बाकावर बसलेली असू द्या.

वाशी, नेरूळ, पनवेलच्या लोकांनी घाटकोपरहून धिम्या लोकलने कुर्ल्याला यावं आणि हार्बर धरावी. अंधेरी-पनवेल थेट लोकल आहेत, पण त्या मोजक्या. थेट मिळाली तर आनंद, नाहीतर कुर्ला.

दक्षिण मुंबईत राहणाऱ्यांनी भुयारी मेट्रोने यावं का?

येताना जरूर. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. मरोळ नाक्याला उतरून मेट्रो १ ने आझाद नगर. गिरगाव, काळबादेवी, वरळी, दादरच्या लोकांना यामुळे मॅचला जाणं खरंच सोपं झालं. परत जाताना मात्र घड्याळ बघा, कारण मेट्रोची शेवटची गाडी लोकलच्या मानाने बरीच लवकर सुटते. उशीर झालाच तर अंधेरीहून चर्चगेट लोकल आहेच. विरारच्या दिशेलाही मध्यरात्र उलटल्यावर लोकल असतात, त्यामुळे पश्चिम रेल्वेवाल्यांना या पानाची गरज सगळ्यात कमी.

मॅच रविवारी आहे. मेगाब्लॉकचं काय?

रात्रीच्या मॅचला दिवसाचा ब्लॉक सहसा आडवा येत नाही. गोंधळ होतो तो पाच वाजताच्या मॅचला. शनिवार-रविवारी दोन सामने असले की एक पाचला ठेवतात, आणि मध्य व हार्बरचा ब्लॉक चार-साडेचारपर्यंत चालतो. ब्लॉक उठला की लगेच गाड्या सुरळीत होतात असं नाही. वेळापत्रक रुळावर यायला आणखी वेळ जातो. हार्बरवर वाशी-पनवेल किंवा कुर्ला-वाशी गाड्या बंद असतील तर नेरूळला पाचची किकऑफ गाठणं अवघड. अशा दिवशी ट्रान्सहार्बरने ठाण्याहून या, पण ब्लॉक तिच्यावरही आहे का ते आधी बघा.

पश्चिम रेल्वे पुष्कळदा शनिवारच्या रात्री ब्लॉक घेते. म्हणजे शनिवारी रात्री अंधेरीहून निघताना जलद गाडी धिम्या मार्गावर वळवलेली असू शकते. ब्लॉकची घोषणा एक-दोन दिवस आधी होते. ती वाचण्याची सवय मुंबईकराला असतेच, फक्त मॅचच्या उत्साहात विसरायला होतं.

मैदानाबाहेर रिक्षावाले मीटरने येत नाहीत. उपाय काय?

पाचशे पावलं चाला. गेटसमोर उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला ठाऊक असतं की आज हजारो लोक एकाच वेळी बाहेर पडणार आहेत. तो अंधेरी स्टेशनला मनाला येईल तो आकडा सांगतो. वीरा देसाई रोड सोडून जे. पी. रोडला किंवा लिंक रोडला आलात की तीच रिक्षा मीटरवर येते.

नियम माहीत असू द्या. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर प्रदेशात रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आणि टॅक्सीचं ३१ रुपये. मध्यरात्र ते पहाटे ५ यात २५ टक्के जादा. दहा वाजता "नाईट चार्ज" मागणाऱ्याला तो अधिकार नाही. भाडं नाकारणं हाही मोटार वाहन कायद्याखाली गुन्हा आहे, गाडीचा नंबर टिपून आरटीओकडे तक्रार करता येते. पण रात्री दहाला, पोर कडेवर झोपलेलं असताना, कायद्याचं कलम सांगत उभं राहण्यापेक्षा माणूस चालायला लागतो, हेही खरं.

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला जाणं जास्त सोपं नाही का? स्टेशन तर जवळ आहे.

जाणं सोपं, येणं कठीण. अंधेरीत सात-आठ हजार माणसांचा प्रश्न असतो. नेरूळला मैदान भरलं तर त्याच्या कितीतरी पट माणसं एका छोट्या स्टेशनाकडे एकदम निघतात. ६ नोव्हेंबर २०२३ ला मुंबई सिटीची सौदीच्या अल हिलालशी एएफसी चॅम्पियन्स लीगची, म्हणजे आशियाई क्लबांच्या स्पर्धेतली मॅच इथे झाली, ती सोमवारी, म्हणजे दुसऱ्या दिवशी ऑफिस असताना. अल हिलालचा नेमार जखमी असल्याने आला नाही, मुंबई ०-२ हरली, तरी लोक आले होते. मोठी मॅच म्हणजे काय आणि नेरूळचा रात्रीचा फलाट म्हणजे काय, हे त्या दिवशी बऱ्याच जणांना एकदमच कळलं.

काही गोष्टी लक्षात ठेवा. मैदानापासून नेरूळ स्टेशन चालत वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर हे अंतर आधी मोजा. सगळी गर्दी नेरूळला जाते, म्हणून जुईनगरचाही विचार करा, विशेषतः ठाण्याकडे जायचं असेल तर. सायन-पनवेल महामार्ग मैदानाला लागूनच आहे. त्यामुळे ओला-उबर मिळेल असं वाटतं, पण मॅचनंतर ती गाडी तुमच्यापर्यंत पोहोचायलाच अर्धा तास घेते. आधी स्टेशनच्या दिशेने किंवा सेक्टरांच्या आतल्या रस्त्यांवर चालत जा, मग गाडी बोलवा.

आणि पुलावर घाई नको. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. ती मॅचची गर्दी नव्हती, ऑफिसला जाणारी सकाळची गर्दी होती. अरुंद जिन्याला हा फरक कळत नाही. गर्दी दिसली तर दहा मिनिटं मैदानाबाहेर चहा प्या. एक लोकल सोडा.

मुलींनी रात्रीच्या मॅचला एकटीने यावं का?

येतात, आणि याव्यात. रात्रीच्या वेळी लोकलच्या महिला डब्यात पोलीस असतो. काही महिला डबे ठराविक वेळेनंतर सर्वांना खुले होतात, तेव्हा चोवीस तास राखीव असलेला डबा कुठे येतो ते फलाटावरच्या खुणेवरून बघून ठेवा. रेल्वे पोलिसांची हेल्पलाइन १५१२, मुंबई पोलिसांची महिला हेल्पलाइन १०३, आणि कुठूनही ११२.

अनुभव सांगतो की लोकलपेक्षा त्रास होतो तो मैदान ते स्टेशन या पट्ट्यात. पाठीराख्यांचे गट बहुतेक वेळा एकत्र चालत निघतात. गटात कुणी ओळखीचं नसलं तरी त्यांच्याबरोबर चाला, कुणी नाही म्हणत नाही. आपली टीम हरलेली असली तर बोलणंही फारसं होत नाही.

ऑफिसमधून थेट येतो. बॅग, डबा, लॅपटॉप यांचं काय करायचं?

मैदानात सामान ठेवायची सोय नसते असं धरूनच चला. पाण्याची बाटली, पॉवर बँक, हेल्मेट, काठी लावलेला झेंडा हे गेटवर अडवलं जातं, आणि अडवलं की ते कुठे ठेवायचं हे कुणी सांगत नाही. अंधेरी भागात काम करणारा एखादा मित्र असला तर त्याच्या ऑफिसात बॅग ठेवा. ढोल-ताशे घेऊन येणाऱ्या मंडळींनी मेट्रोचा नाद सोडावा. टेम्पो करा, वर्गणी काढा.

घरचा सामना पुण्यात असेल तर?

हे विनोदी वाटेल, पण झालेलं आहे. २०२३ च्या त्याच आशियाई मोहिमेत मुंबईचा घरचा सामना बालेवाडीला खेळवला गेला. बालेवाडीचं संकुल मुंबई-बंगळुरू महामार्गाला लागून आहे, म्हणून पुणे स्टेशनला जाण्याऐवजी वाकडहून मुंबईकडे येणारी बस धरणं सोयीचं. पहाटे घरी पोहोचाल. दुसऱ्या दिवशी रजा टाका.

गोव्यात फातोर्ड्याला मॅच बघितली. रात्री पणजीला परत कसं यायचं?

हा या पानावरचा सगळ्यात कठीण प्रश्न, आणि तो फुटबॉल जिथे रक्तात आहे त्याच जागेचा, हे दुर्दैव. फातोर्ड्याचं पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम मडगावच्या कदंब बसस्थानकापासून दूर नाही. दुपारी पणजीहून विनाथांबा बस पकडली की ३३ किलोमीटर आरामात होतात. पण गोव्यात संध्याकाळ कलली की बसगाड्या आटायला लागतात. खासगी बसवाले तर त्याआधीच घरी जातात. मॅच साडेसातला सुरू होते तेव्हा शेवटच्या बसेस निघण्याच्या तयारीत असतात, आणि संपते तेव्हा बसस्थानक रिकामं असतं.

मग उरतं काय? स्वतःची दुचाकी, मित्राची चारचाकी किंवा टॅक्सी. ओला-उबर गोव्यात नाही. गोवा माइल्सचं अॅप आहे, पण रात्री फातोर्ड्याला गाडी मिळेलच असं नाही. मिळाली तर पणजी, म्हापसा किंवा वास्कोपर्यंतचं भाडं मॅचच्या तिकिटापेक्षा कितीतरी जास्त. काळी-पिवळी मोटारसायकल चालवणारे पायलट हे गोव्याचं खरं वैभव, पण ते गावातल्या गावात. मडगावात राहणाऱ्याला सोडतील, काणकोण किंवा साखळीला नाही.

म्हणून फातोर्ड्याच्या स्टँडमध्ये म्हापसा, पेडणे, डिचोली, सत्तरीकडची शाळा-कॉलेजातली पोरं कमी दिसली तर त्यांचं फुटबॉलप्रेम आटलं असं समजू नये. त्यांच्याकडे गाडी नाही, एवढंच. तालुक्याच्या ठिकाणी नेऊन सोडणाऱ्या पाच-सहा जादा कदंब बसगाड्या मॅचच्या रात्री दहाला सुटल्या तरी चित्र बदलेल. मॅचच्या तिकिटाबरोबर बसचे पैसेही आगाऊ घ्या, लोक देतील.

मुंबईहून गोव्याला अवे मॅचला जायचंय. कोकणकन्येने परत येता येईल का?

नाही. कोकणकन्या संध्याकाळी, मॅच सुरू व्हायच्या आधीच मडगाव सोडते. जनशताब्दी आणि वंदे भारत त्याहून आधी, दुपारी. तेव्हा रात्रीचा मुक्काम धरूनच बेत आखा आणि सकाळच्या मांडवी एक्स्प्रेसने परत या. मांडवीतलं खाणं हा हरलेल्या मॅचवरचा उतारा आहे, असं आमचं मत.

आरक्षणाची गंमत वेगळीच. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. लीगचं वेळापत्रक अर्ध्या-अर्ध्या मोसमाचं जाहीर होतं, आणि नंतर तारीख हलली तर तुमचं कन्फर्म तिकीट रद्द करण्याचे पैसे तुमच्याच खिशातून. गणपती, दिवाळी, नाताळच्या आसपासची मॅच असेल तर कोकण रेल्वेचं नाव काढू नका. पावसाळी वेळापत्रक लागू असेल तर गाड्यांच्या वेळाही बदलतात.

बाइकने जाऊ, असं पोरं म्हणतात. मार्च २०२२ मध्ये फातोर्ड्याला झालेल्या आयएसएल अंतिम सामन्यासाठी केरळहून बाइकने निघालेले दोन तरुण कासरगोड जिल्ह्यात अपघातात गेले. रात्रभर बाइक चालवून मॅच बघणं यात शौर्य नाही.

शेवटची दहा मिनिटं सोडून निघावं का?

कट्टर माणसाला हे विचारणंही पाप वाटतं. पण कर्जतला राहणाऱ्या माणसाला ७५व्या मिनिटाला उठताना बघून "हा कसला पाठीराखा" म्हणणारे बहुधा अंधेरीतच राहतात. त्याने येऊन बघितलेली ७५ मिनिटं ही घरी सोफ्यावरच्या ९० मिनिटांपेक्षा जास्त आहेत. उठणार असाल तर तिकीट काढतानाच रांगेच्या कडेची जागा घ्या, म्हणजे दहा जणांना गुडघे बाजूला घ्यावे लागत नाहीत.

मॅचसाठी जादा लोकल का सोडत नाहीत? शक्यच नसेल का?

शक्य आहे, आणि दरवर्षी होतंही, फक्त फुटबॉलसाठी नाही. अनंत चतुर्दशीला रात्रभर लोकल धावतात. ३१ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर विशेष गाड्या सुटतात. मुंबई मॅरेथॉनला पहाटे धावपटूंसाठी लोकल असते. कोचीत तर कलूरच्या स्टेडियमच्या नावाचंच मेट्रो स्टेशन आहे आणि मॅचच्या रात्री मेट्रो जादा गाड्या चालवते. म्हणजे तंत्र माहीत आहे, माणसं आहेत, डबे आहेत.

नाही ते कुणाचं तरी काम. मॅचची वेळ ठरते टीव्हीच्या सोयीने. मैदान महापालिकेचं, बंदोबस्त पोलिसांचा, लोकल रेल्वेची, मेट्रो वेगळ्या कंपन्यांच्या, बस बेस्टची किंवा नवी मुंबईच्या एनएमएमटीची, आणि क्लबचं काम तिकीट विकलं की संपतं. या सगळ्यांना एका टेबलावर बसवून "त्या दिवशी पावणेदहाला सहा हजार माणसं आझाद नगरला येणार आहेत" एवढं सांगणं हे कुणाच्याच कामाच्या यादीत नाही. आमच्या मते ते क्लबचं आणि लीगचं काम आहे, कारण किती तिकिटं विकली हे फक्त त्यांनाच आधी कळतं.

१ जून २०१८ ला याच अंधेरीत भारत-चायनीज तैपेई सामना २,५६९ लोकांनी बघितला. दुसऱ्या दिवशी भारताचा कर्णधार सुनील छेत्री याने व्हिडिओ टाकून मैदानात येण्याची विनवणी केली आणि सोमवारी, ४ जूनला, भर पावसात केनियाविरुद्ध मैदान भरलं. तो त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. भारत ३-० जिंकला. लोकांना विनवलं तर लोक येतात, हे तेव्हा सिद्ध झालं. ते भिजलेले लोक घरी कसे गेले याची चौकशी मात्र कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

परदेशात हे कसं सोडवतात?

जर्मनीतली पद्धत आम्हाला सगळ्यात पटते. तिथल्या बऱ्याच क्लबांच्या मॅचच्या तिकिटावरच त्या दिवशीचा स्थानिक ट्राम-ट्रेनचा प्रवास धरलेला असतो. क्लब वाहतूक संस्थेला पैसे देतो आणि प्रेक्षक सरळ गाडीत बसतो. २०२४ च्या युरो स्पर्धेत तिकीटधारकांना ३६ तासांचा प्रवास पास मिळाला होता. तरीही गेल्सनकिर्शनला इंग्लंड-सर्बिया सामन्यानंतर लोक ट्राम आणि गाड्यांसाठी ताटकळले. तेव्हा जर्मनीतही सगळं घड्याळाप्रमाणे चालतं, हा समज सोडून द्यायला हरकत नाही. फरक असा की ताटकळणाऱ्याच्या हातात पास होता आणि जाब विचारायला माणूस होता.

कोल्हापूरला ही अडचण ऐकू येत नाही. का?

कारण मॅच दुपारी असते, शाहू स्टेडियम गावाच्या मध्यात आहे आणि पाटाकडील असो, शिवाजी असो की दिलबहार, तालमीची पोरं पेठेतून चालत किंवा गाडीवर येतात. तिथे प्रश्न पार्किंगचा. आणि निकाल मनाविरुद्ध लागला तर कुठल्या पेठेतून घरी जायचं याचा, पण त्याला वाहतूक खातं काही करू शकत नाही.

तक्रार किंवा मागणी कुठे करायची?

गाडीतल्या किंवा फलाटावरच्या त्रासासाठी रेल्वेची १३९ ही हेल्पलाइन आहे. जादा गाडीची मागणी मात्र मॅचच्या आदल्या दिवशी समाजमाध्यमांवर टाकून उपयोग नाही. वेळापत्रक जाहीर झालं की पाठीराख्यांच्या गटाने क्लबला लेखी द्यावं आणि त्याची प्रत विभागीय रेल्वे व्यवस्थापक आणि मेट्रोच्या कार्यालयाला पाठवावी. पत्रात तारीख, मॅच संपण्याची वेळ, अंदाजे प्रेक्षकसंख्या आणि कुठल्या दिशेला किती जण जातात हे लिहा. शेवटचा आकडा तुमच्याकडे नसेल तर गटाच्या व्हॉट्सअॅपवर एक मतदान घ्या: पश्चिम, मध्य, हार्बर, ट्रान्सहार्बर. दोन दिवसांत उत्तर मिळतं.